चौदा सह्या

१२ जून

सकाळी नऊलाच फाइलसाहेबांनी बोलावून घेतलं. आमचे हे वरिष्ठ आयुष्यात एकही टाकी उघडून बघत नाहीत, पण डासांच्या फायली अशा नीट लावतात की डासांनाही रांगेत उडावंसं वाटेल. म्हणाले, "तुमच्या विभागात मलेरियाचा रुग्ण निघालाय." गेल्या वर्षी नऊ रुग्ण होते, यंदा अर्धं वर्ष होत आलं तरी एकही नव्हता. डिसेंबरपर्यंत असंच राहिलं तर माझ्या विभागाला 'मलेरियामुक्त' अशी पाटी मिळणार आहे. तेवीस वर्षं लोकांच्या टाक्यांत डोकावतोय. एक पाटी मिळाली तर कुणाचं काय जातं?

रुग्ण म्हणजे आमच्या घरामागच्या गल्लीतली इस्त्रीवाली. पंचविशीची असेल. नवरा रस्त्याचा रोलर चालवतो. वर्षभर दोघं जंगलातल्या रस्त्याच्या कामावर पत्र्याच्या खोलीत राहत होती, आता दोन महिन्यांपूर्वी इकडे आली. म्हणजे ताप तिकडूनच आणलेला. लगेच 'बाहेरचा रुग्ण' असा शिक्का मारून घेतला. तो माझ्या आकड्यात धरत नाहीत.

दुकानात गेलो तर बाई एवढ्या उकाड्यात चादर पांघरून इस्त्री करत होती. दात वाजत होते आणि हात चालूच. तिला तीन दिवसांच्या तापाच्या गोळ्या दिल्या आणि चौदा दिवसांच्या दुसऱ्या बारक्या गोळ्या दिल्या. या बारक्या गोळ्या रोज आपल्या समोर गिळायला लावायच्या आणि कार्डावर रोज एका चौकोनात सही करायची, असा नियम आहे. नियम करणाऱ्यानं भर उन्हात चौदा दिवस एका दारात उभं राहून दाखवावं. सगळे पर्यवेक्षक करतात तसं मीही एकदमच चौदा सह्या करून टाकल्या, चार वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे एका बैठकीतल्या वाटू नयेत. 'गरोदर आहे काय' या रकान्यात 'नाही' लिहिलं. परक्या बाईमाणसाला असलं काय विचारायचं?

कार्ड फायलीत गेलं. विषय संपला.

२६ ऑगस्ट

विषय संपला नाही! इस्त्रीवालीला पुन्हा ताप. रक्ताची काच तपासली, पुन्हा तोच मलेरिया. आणि कहर म्हणजे फाइलसाहेबांनी मलाच खुलासा मागितलाय. परिपत्रक पुढे केलं: 'उपचार पूर्ण झालेल्या रुग्णास पुन्हा ताप आल्यास तो नव्याने डास चावल्यामुळे आला असे समजावे.' उपचार पूर्ण आहेत, चौदा सह्या आहेत. म्हणजे ती इथे, माझ्या विभागात, माझ्याच डासाकडून चावून घेऊन बसली. म्हणजे मी झोपा काढत होतो.

मी झोपा काढत होतो! मे महिन्यापासून या गल्लीत सहा वेळा फवारणी केली आहे. माझ्या पथकातल्या मामांना विचारा. मामा म्हणजे आमचा सर्वांत जुना फवारेवाला, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, पाठीवर पंप घेऊन अजून जिने चढतो. त्यांनाही राग आला. म्हणाले, "साहेब, डास असता तर मला चावला असता. मला सगळे चावतात."

तिला तापाच्या गोळ्या दिल्या. बारक्या गोळ्यांचा भांडारात साठाच नाही. पुढच्या आठवड्यात येतील म्हणे. मागणी मी पंधरा दिवसांपूर्वी पाठवली होती. कुणाला पडली आहे?

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या पोरीला कसं आहे ते सांगा आधी." मला खुलासा द्यायचाय आणि हिला पोरीची पडलीय.

२९ ऑगस्ट

रुग्णाच्या भोवतालची पन्नास घरं तपासायची असतात. तीन दिवसांत त्रेपन्न तपासली. टाक्या, पिंपं, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे फुटके टप, एका घरात तर जुनं हेल्मेट उताणं पडलेलं, त्यात पावसाचं पाणी. लोकांची वृत्ती बघून डोकं फिरतं. दार उघडतात ते असं तोंड करून, जणू मीच डास.

कोपऱ्यावरच्या निवृत्त शिक्षिका आहेत, सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. त्यांच्या गॅलरीत काचेच्या भांड्यात पाणवनस्पती. मी म्हटलं, रिकामं करा. त्या म्हणाल्या, "त्यात मासे आहेत, ते अळ्या खातात. गेल्या वर्षी तुम्हीच आणून दिलेत." मी तरी काय काय लक्षात ठेवू? तोपर्यंत भांडं माझ्या हातात होतं आणि बोलाबोलीत निसटलं. मासे बादलीत घालून वाचवले. बाईंनी फक्त चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. शाळेत असतो तर अंगठे धरून उभा केला असता.

त्रेपन्न घरांत मलेरियाच्या डासाची एक अळी नाही. एक नाही! मग चावलं कोण?

२ सप्टेंबर

प्रयोगशाळेत काचताईंकडे गेलो. रक्ताच्या काचा वाचायचं काम त्या करतात, दिवसाला शंभर शंभर. नजर अशी की बोलताना माणसाच्याही आरपार बघतात. मी म्हटलं, "ताई, एखादा डाग बघून चुकून मलेरिया लिहिलं असेल, पुन्हा बघा." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि भिंगाला डोळा लावायला लावला. फुगलेली रक्तपेशी, तिच्यात अंगठीसारखं काहीतरी आणि बारीक ठिपके. म्हणाल्या, "दिसलं? हा डाग आहे का?"

मग म्हणाल्या, "तुम्ही डास शोधत बसलाय. हा डासातून आलाच नसेल. यकृतातून आला असेल."

प्रशिक्षणात हे सांगतात, पण ते नेहमी जेवणानंतरच्या तासाला असतं. ताईंनी नीट सांगितलं. डास चावला की त्याच्या लाळेतले जंतू अर्ध्या तासात रक्तातून यकृतात पोहोचतात आणि एकेका पेशीत शिरतात. काही लगेच वाढायला लागतात. एकाचे हजारो होतात, पेशी फुटते, सगळे रक्तात उतरतात आणि थंडी वाजून ताप भरतो. पण या जातीतले काही जंतू शिरल्या शिरल्या अंग आखडून घेतात आणि तसेच पडून राहतात. वाढत नाहीत, खात असतील तर नावाला. ताप नाही, दुखणं नाही. रक्त तपासा, काही दिसणार नाही, कारण ते रक्तात नाहीतच. यकृत कापून बघायला माणूस काही कोंबडी नाही. दोन महिने, सहा महिने, कधी वर्षसुद्धा. मग एक दिवस त्यांतला एखादा उठतो आणि पहिल्यापासून सगळं सुरू.

"आणि का उठतो?"

"ते अजून कुणालाही नीट ठाऊक नाही. तापाच्या गोळ्या रक्तातल्यांना मारतात. झोपलेल्यांना त्यांचा पत्ताच लागत नाही. त्यांच्यासाठी त्या चौदा दिवसांच्या बारक्या गोळ्या."

मी म्हटलं, "मग मुद्दाच मिटला! चौदा दिवस पूर्ण आहेत. कार्ड बघा. चौदा सह्या आहेत. तिचं यकृत साफ आहे."

ताईंनी कार्ड घेतलं. उजेडाकडे धरलं. भिंगाखाली काच सरकवतात तसं चौकोनावरून चौकोनावर बोट नेलं आणि कार्ड परत दिलं. म्हणाल्या, "सह्या छान आहेत तुमच्या."

सरळ उत्तर देतील तर शपथ. सुशिक्षित माणसांचं हेच वाईट.

५ सप्टेंबर

सापडलं!

इस्त्रीवालीच्या दुकानामागे कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचं पिंप आहे. झाकण अर्धवट. आत अळ्या, वीस-पंचवीस तरी. स्वतःच्या दारात डास पाळायचे आणि खुलासे मी द्यायचे! माझा तोल गेला, कबूल करतो. मोठ्यानं बोललो. गल्ली गोळा झाली. मी पळीत अळ्या घेऊन सगळ्यांना दाखवल्या. म्हटलं, "बघा! हिच्या आजाराचं कारण हिच्याच घरात. उद्या तुमची पोरं आजारी पडली तर मला विचारू नका."

ती उंच स्टुलावर बसली होती. पूर्वी उभी राहून इस्त्री करायची, आता बसून करते. आळशीपणाच. शरमेनं लाल झाली. एवढंच म्हणाली, "काका, हळू बोला ना."

मामा पळीत वाकून बघत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, या अळ्या डोकं खाली करून लटकतायत. मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते. हा डास वेगळा." म्हटलं, "मामा, तुम्ही पंप मारा." खुलाशात काय लटकलं होतं ते कोण विचारतंय? अळी ती अळी.

घरी बायको माझ्याशी बोलत नाहीये. इस्त्रीचे कपडे तीच घेऊन जाते, तासभर तिथे बसते, दोघींचं काय गुळपीठ आहे कळत नाही. शेवटी म्हणाली, "तिला ओरडू नका हो. निदान आत्ता नको."

"आत्ता नको म्हणजे कधी? मुहूर्त काढू?"

ती उठून आत गेली. मी बाहेरच्यांशी भांडायचं की घरच्यांशी?

८ सप्टेंबर

बारक्या गोळ्या आल्या. फॉर्म भरला, शिक्के घेतले. फाइलसाहेब म्हणाले, या वेळी रोज जाऊन स्वतः द्या, वरून तपासणी येऊ शकते. जातो म्हटलं. नियमानं वागायला मी कधी नाही म्हटलंय?

दुकानात गेलो. म्हटलं, "आजपासून चौदा दिवस. माझ्यासमोर." तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आधीच्या आहेत की काका अजून." आणि बटणांच्या डब्यातून पुडी काढली. मी मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच.

म्हणजे जूनमध्ये हिनं तीनच घेतल्या! ताप उतरला, गोळ्यांनी पोटात मुरडा येत होता, म्हणून 'पुढच्या तापाला होतील' असं म्हणून ठेवून दिल्या. पुढच्या तापाला! मी ज्या कार्डाच्या जोरावर सगळ्या ऑफिसशी भांडतोय, त्यातले अकरा चौकोन हिनं खोटे पाडले. माझ्या सहीला काही किंमत आहे की नाही? मला विचारलंय का, काका तुम्ही पूर्ण लिहिलंय, मी अर्ध्यावर सोडू का म्हणून?

जुनी पुडी जप्त केली. नवी गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, गीळ. तिनं रस्त्याकडे बघितलं. समोर दोन बायका उभ्या होत्या. मग गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली. मी विचारलं, "गेली?" तिनं मान हलवली. बोलली काही नाही. रागावली असेल, रागावू दे. पहिल्या चौकोनात सही.

९ सप्टेंबर

दुसरी गोळी. ओठ घट्ट मिटून बसते, मी निघेपर्यंत हूं की चूं नाही. उद्धट. नवरा दारात उभा होता, रोलरवाला, दंड असे की भिंत पाडील, पण आवाज बारीक. म्हणाला, "साहेब, डॉक्टरांना एकदा विचारून दिल्या असत्या तर..." म्हटलं, जूनमध्ये विचारलं होतंस का गोळ्या डब्यात ठेवायच्या का ते?

सही.

१० सप्टेंबर

तिसरी गोळी, तिसरी सही. हे काम मनापासून केलं तर होतं. लोकांना शिस्त लागते. घरी येऊन बायकोला सांगितलं, "बघ, रोज उभा राहतो म्हटल्यावर बाईसाहेब कशा मुकाट्यानं गिळतात."

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. "कसल्या गोळ्या गिळतेय?"

"बारक्या. यकृताच्या."

"अहो, ती पोटुशी आहे!"

मला आधी अर्थच लागेना. बायको ओरडत होती. इतक्या वर्षांत तिला असं ओरडताना ऐकलं नाही. तिसरा महिना आहे. गेल्या वर्षी जंगलातल्या त्या कामावर एकदा पोटातलं मूल गेलं, म्हणून या खेपेला चौथा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं तिनं ठरवलेलं. बायकोला शपथ घातलेली. "तुम्ही फॉर्मवर विचारत नाही का? विचारायचा रकाना नसतो का?"

रकाना असतो. मी त्यात 'नाही' लिहिलं. जूनमध्ये लिहिलं आणि परवाही लिहिलं.

या गोळ्या गरोदर बाईला देत नाहीत. तेवढं प्रशिक्षणात मी जागा होतो. पोटातल्या बाळाचं रक्त या गोळ्यांनी फुटू शकतं. तीन दिवस मी तिच्या तळहातावर त्या ठेवल्या.

चपला पायात घालून धावलो. गल्लीत माणसं बघत होती. दुकानाच्या पायरीवर धापा टाकत उभा राहिलो. ती इस्त्री बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकूंनी सांगितलं वाटतं." आणि काउंटरखालचा कागद काढून माझ्यासमोर उघडला. तीन गोळ्या, अर्धवट विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

"जिभेखाली ठेवत होते. फार कडू आहेत."

मी तिच्या स्टुलावर बसलो आणि रडलो. हे कुणाला सांगणार नाही, इथे लिहितोय.

११ सप्टेंबर

बायको, रोलरवाला आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. काचताई आपणहून आल्या, काच बनवली. रक्तात आत्ता जंतू नाहीत. थोडं विरघळलेलं पोटात गेलं असेल, पण डॉक्टरांनी तपासून सांगितलं की इतक्यात काही धोका दिसत नाही, लक्ष ठेवू. बाळाचे ठोके ऐकवले. रोलरवाला यंत्राकडे बघून हसत होता आणि नाक पुसत होता. मी दाराबाहेर उभा होतो, तिथवर ऐकू येत होते. केवढे भरभर!

मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. झोपलेल्या जंतूंना मारणारं औषध आता बाळंतपणापर्यंत देता येणार नाही. त्यानंतरही अंगावर पाजत असेल तर बाळाचं रक्त तपासून मगच. तोपर्यंत ते यकृतात राहणार. कुठला कधी उठेल ते सांगता येत नाही, आणि ताप भरला तर बाळाला जपणं अवघड. म्हणून दर आठवड्याला तापाची गोळी घ्यायची, उठेल त्याला रक्तात उतरताच मारायला.

उरलेल्या अकरा गोळ्यांचं ऐकून डॉक्टर कार्ड चाळत म्हणाले, "जूनमध्ये चौदा दिवस पूर्ण केले असते तर हे काहीच झालं नसतं. तेव्हा गरोदर नव्हती. चौदा दिवसांचं तर काम होतं."

इस्त्रीवाली म्हणाली, "चुकलंच माझं."

आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. पंधरा दिवस मी गल्लीभर ओरडलो आणि नेमकं बोलायचं तेव्हा छताकडे बघत उभा राहिलो.

१४ सप्टेंबर

फाइलसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. वाटलं आता झाडणार. पण त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "सोपं आहे. 'रुग्ण ऑगस्टमध्ये परगावी गेली होती' असं लिहा. बाहेरची होईल. तुमचा आकडा शून्य, पाटी तुमची."

"पण मग तिचं नाव आपल्या यादीतून जाईल. आठवड्याची गोळी कोण देणार?"

"ती ज्या गावी गेली असं लिहाल, ते बघतील."

"ती कुठेच गेली नाही!"

"म्हणून तर कुणी बघणार नाही," असं ते म्हणाले नाहीत. पण चमचा ढवळत माझ्याकडे असे बघत होते की मी ऐकलं. पोटातलं एक पोर आणि यकृतातले ते जंतू एका ओळीत पुसून टाकायचे, आणि वर चहा! मी कप तसाच ठेवून उठलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि जिना उतरताना लक्षात आलं की साहेबांनी मला नवीन काही शिकवलं नाही. न झालेलं झालं असं लिहायचं. मी ते चार पेनांनी करतो.

१७ सप्टेंबर

दुकानात गेलो. आठवड्याची गोळी होती. तिनं घेतली आणि आपणहून जीभ उचलून दाखवली. चेष्टेनं की रागानं कळलं नाही. मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. जूनमध्ये मी एकदाच आलो होतो. कार्डावर चौदा सह्या आहेत, त्या सगळ्या मी त्याच दिवशी केल्या. रोज येऊन समोर गिळायला लावायचं माझं काम होतं. आलो असतो तर चौथ्या दिवशीच कळलं असतं तुझ्या पोटात मुरडा येतोय ते. जेवणानंतर घे एवढंच सांगायचं होतं."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"सह्यांचं ठाऊक होतं. मनात मात्र उपचार पूर्ण झाला असंच धरून चाललो होतो."

"आणि तुम्ही माझ्या पिंपातलं पाणी पळीत घेऊन सगळ्यांना दाखवलंत!" आता तिचा आवाज चढला. "सात घरांनी कपडे टाकायचे बंद केले. म्हणतात, हिच्या हातचे कपडे नकोत. मी बारा दिवस मान खाली घालून बसलेय. दवाखान्यात सगळ्यांसमोर 'चुकलं' म्हटलं मी, तुम्ही शेजारी उभे होतात! मला वाटायचं, माझ्याच अंगात काही खोट आहे, एक बाळ गेलं, आता हेही माझ्यामुळेच जाईल. मी या बाळाला रोज सांगते, काका, की आई हलगर्जी आहे, तू तरी टिकून राहा."

मी म्हटलं, "काय करू सांग."

"ओरडलात तिथेच उभे राहून सांगा. तेवढ्याच मोठ्यानं."

सांगितलं. त्याच जागी. आधी हळू आवाजात, तर ती दुकानातून म्हणाली, "ऐकू येत नाही!" मग मोठ्यानं सांगितलं. माणसं जमली. पिंपातल्या अळ्या मलेरियाच्या नव्हत्या, हेही सांगितलं. मामांनी मान डोलावली. हा आजार कपड्यांतून येत नाही, ताप हिच्या यकृतातून आला आणि तिथे तो राहिला माझ्यामुळे, असं सांगितलं. कुणीतरी फस्सकन हसलं. कोपऱ्यावरच्या बाई गॅलरीत होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "आणि गेल्या वर्षी नऊ जणांना ताप आला होता, त्यांची कार्डं?"

मी वर बघितलं आणि मान खाली घातली.

इस्त्रीवालीनं दुकानातून माझ्याकडे बघितलं. आता ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. म्हणाली, "काका, त्यांच्यात कुणी माझ्यासारखी असली तर?"

२० सप्टेंबर

लेखी जबाब दिला. जूनचं कार्ड खोटं, गेल्या वर्षीची नऊही खोटी, सह्या माझ्या. दहाही रुग्णांची पुन्हा चौकशी व्हावी. फाइलसाहेबांनी वाचला, घडी घातली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. आवक नोंदवहीत घेत नाही म्हणाले. "तुमची खोटी म्हटली की सगळ्या विभागांची तपासावी लागतील. किती हजार होतात, आहे कल्पना? लोक बरे झालेत. झोपलेल्याला कशाला उठवता?"

मी म्हटलं, "साहेब, ते आपले आपण उठतात."

दुपारी बदलीचा कागद आला. उद्यापासून भांडारात, पंप मोजायला. शिक्षा खोट्या सह्यांची असती तर मी गपचूप घेतली असती, ती माझ्या लायकीचीच होती. पण ही शिक्षा खरं लिहिल्याची आहे! हे लिहितानाही कानशिलं तापतायत. जबाबाची एक प्रत टपालानं वर पाठवली. काचताईंनी स्वतःच्या यादीत इस्त्रीवालीचं नाव घातलंय, दर आठवड्याला त्या काच बघणार आणि बायको गोळी देणार. मी नेऊन दिलेल्या गोळ्या ती अजून आधी उलटसुलट करून बघते. तिचं बरोबर आहे.

२२ सप्टेंबर

सुट्टी. नऊ नावं घरी लिहून ठेवली होती. मामा म्हणाले, मीही येतो, पंपाशिवाय चालायची सवय मोडलीय.

पहिलं दार कुलूपवाल्याचं. चावीच्या दुकानावर खोली आहे. मला बघून उठला, बसायला खुर्ची दिली. गेल्या वर्षी जुलैमध्ये मलेरिया. आता चेहरा पिवळट, डोळे खोल गेलेले. विचारलं, "ताप वगैरे?"

"येतो अधूनमधून. दोन दिवस थंडी वाजते, मग आपोआप जातो. थोरल्या लेकीला वाटतं मी कामाची टाळाटाळ करतो." हसला.

मी मनातल्या मनात दिवस मोजले. म्हटलं, "गेल्या वर्षीच्या त्या चौदा दिवसांच्या बारक्या गोळ्या, त्यांतल्या किती घेतल्या होत्या? खरं सांगा, मी रागावणार नाही."

तो गोंधळला. आठवत राहिला. मग अगदी साधेपणानं, मलाच अवघडल्यासारखं होऊ नये अशा आवाजात म्हणाला,

"त्या तुम्ही दिल्याच नव्हत्या. भांडारात नाहीत म्हणालात, उद्या आणून देतो. मी दोन-तीन दिवस वाट बघितली."